बडोद्याभोवतीची शेतं, तळी आणि कांस : टी.पी. स्कीम आली की काय मागायचं आणि केव्हा?

कारेलीबागकर (धागाकर्ता)

२०२० मध्ये भायली, सेवासी, बिल, वेमाली, उंडेरा, करोडिया आणि वडदला ही सात गावं महापालिकेत आली. शहर तिथं थांबलेलं नाही. पादरा रोडला, वाघोडियाकडे, हालोलच्या बाजूला जिथं अजून एरंडी, कापूस, तूर आणि भाजीपाला उभा आहे, तिथं आज ना उद्या टी.पी. स्कीम (नगररचना योजना : सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून रस्ते-बागा काढायच्या आणि उरलेल्या जागेचे प्लॉट मालकांना परत द्यायचे) येणार.

स्कीम मंजूर झाली की लोक जागे होतात. मग मोर्चा, निवेदन, फोटो. तोवर नकाशावर सगळं ठरून गेलेलं असतं. म्हणून हा धागा. नुसतं 'हिरवळ वाचवा' नको. कोणतं कलम, किती दिवसांची मुदत, कोणता कागद, काय मागितलं तर मिळतं आणि काय मागून उपयोग नाही, एवढंच लिहा. माझे प्रश्न चार:

१) बागेसाठी किती जागा सोडावी लागते?
२) जी कांस (पावसाचं पाणी वाहून नेणारी वाट) नकाशात नाही तिचं काय?
३) गावतळं आणि गौचर (गायरान) कशानं वाचतं?
४) ज्याला शेतीच करायची आहे त्यानं काय करावं?

---

मोजणीपत्रक

कायदा एकच, गुजरात नगररचना व शहरी विकास अधिनियम १९७६. पण त्यात दोन वेगळे नकाशे आहेत आणि इथंच बहुतेकांचा घोटाळा होतो.

पहिला विकास आराखडा, म्हणजे डी.पी. शेती झोन कुठं आणि रहिवासी झोन कुठं हे त्यात ठरतं. मसुदा प्रसिद्ध झाला की कलम १३ खाली हरकती-सूचनांना दोन महिने मिळतात. गावची शेती शेती झोनमध्येच राहावी असं वाटत असेल तर ती लढाई इथं लढायची. मधल्या काळात कलम १९ खाली सरकार एखाद-दुसऱ्या पट्ट्याचा झोन बदलू शकतं. त्याचीही जाहिरात राजपत्रात येते आणि तिलाही किमान दोन महिन्यांची मुदत असते. ती जाहिरात सहसा कोणी वाचत नाही. गावात एका तरी माणसानं राजपत्र बघायचं काम अंगावर घ्यावं.

दुसरा नकाशा टी.पी. स्कीमचा. क्रम असा: कलम ४१ खाली इरादा जाहीर होतो, नियम १७ खाली जमीनमालकांची सभा होते, मग मसुदा प्रसिद्ध होतो. त्यानंतर कलम ४७ खाली हरकतीला फक्त एक महिना. पुढे कलम ४८ खाली सरकारची मंजुरी, आणि त्या मंजुरीबरोबरच कलम ४८-अ नुसार रस्ते, गटारं वगैरेंच्या जागा प्राधिकरणाकडे (स्कीम करणाऱ्या संस्थेकडे) जातात. त्यानंतर नगररचना अधिकारी नेमला जातो, तो प्रत्येक मालकाला ऐकतो आणि प्रारंभिक योजना तयार होते. ती मंजूर झाली की कलम ६७ खाली सगळे जुने हद्द-हक्क संपतात आणि योजनेत नव्यानं आखलेले फायनल प्लॉट उरतात. मग बदल हवा असेल तर कलम ७० किंवा ७१ खाली योजनेतच फेरफार करावा लागतो, आणि ते काम वर्षानुवर्षं चालतं.

माझं स्पष्ट मत: खरा बदल मालकांच्या सभेत होतो. तेव्हा नकाशा पेन्सिलीत असतो. रस्ता दहा मीटर सरकवायला तिथं पाच मिनिटं लागतात.

बागेचं उत्तर: कलम ४०(३)(जज) मध्ये एकूण क्षेत्राच्या १५% रस्ते, ५% बागा-मैदानं-मोकळी जागा, ५% शाळा-दवाखाना वगैरे आणि १५% प्राधिकरणाला विकायला. बेरीज ४०%. म्हणजे १ विघा, आपल्याकडचे २३७८ चौ.मी., दिला तर साधारण १४२७ चौ.मी.चा फायनल प्लॉट हातात येतो. हे टक्के बदलता येतात, पण कारणं लेखी नोंदवून. हे शब्द लक्षात ठेवा. बाग ५% पेक्षा कमी दिसली की हरकतीत पहिलं वाक्य हेच लिहायचं: 'कमी केल्याची लेखी कारणं द्यावीत.'

---

दांडियाबाजार_२

५% कागदावर भरतात हो, पण प्रत्यक्षात बाग दिसत नाही. असं का होतं?

---

मोजणीपत्रक

कारण क्षेत्रफळ मोजतात, आकार कोणी मोजत नाही. मसुद्यासोबत सार्वजनिक वापराच्या फायनल प्लॉटांची यादी असते. ती घेऊन एकेक प्लॉट नकाशावर शोधा. हे सापडेल:

रस्त्याकडेची आठ-दहा मीटर रुंदीची पट्टी 'ओपन स्पेस' म्हणून धरलेली. हाय टेन्शन लाइनखालची जागा बाग म्हणून दिलेली, जिथं मोठं झाड लावताच येत नाही. कोतराचा (नदीकाठच्या घळीचा) उतार बागेत मोजलेला. तीन रस्त्यांच्या मधला त्रिकोण. आणि बागेच्या प्लॉटवर पुढं पाण्याची टाकी किंवा गटाराचं पंपिंग स्टेशन.

मागणी अशी करा: एकूण ५% पैकी निम्मी जागा तरी एकसंध असावी, कोणतीही बाजू ३० मीटरपेक्षा कमी नसावी, लाइनखालची आणि कोतराची जागा ५% मध्ये धरू नये, आणि टाकी-पंपिंगसाठी ५% सामाजिक सुविधांतून जागा द्यावी. यातलं ३० मीटर कायद्यात लिहिलेलं नाही, ती आपली मागणी आहे. पण आकडा दिला की सुनावणीत त्यावर बोलावं लागतं. 'पुरेशी मोठी बाग हवी' असं लिहिलं तर 'नोंद घेतली' एवढंच उत्तर येतं.

---

पाणवाट

बागेच्या आधी पाणी बघा. बडोद्यात हिरवी जागा आणि पाण्याची जागा वेगळी काढताच येत नाही. विश्वामित्री पावागढहून येते, शहरातून वळणं घेत जाते आणि पुढं ढाढरला मिळते. तिची कोतरं आणि काठाची सखल शेतं हीच पुराचं पाणी धरून ठेवणारी जागा. ऑगस्ट २०२४ मध्ये काळा घोडा पुलापाशी नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. सखल जागांत भराव पडला की त्या जागेत मावणारं पाणी कुठंतरी दुसरीकडे चढणारच.

आता कांसचा हिशोब. हा कोणालाही करता येतो. पाण्याचा प्रवाह (घनमीटर प्रति सेकंद) = वाहण्याचा गुणांक (पडलेल्या पावसातला किती भाग वाहून जातो) × पावसाची तीव्रता (मि.मी. प्रति तास) × क्षेत्र (हेक्टर) ÷ ३६०.

समजा एका कांसला ४० हेक्टरचं पाणी येतं आणि पाऊस तासाला ५० मि.मी. आहे. शेत असताना गुणांक ०.३ धरा. ०.३ × ५० × ४० ÷ ३६० = १.६७. त्याच जागेवर सोसायट्या, पेव्हर ब्लॉक आणि डांबर झालं की गुणांक ०.७. उत्तर ३.८९. पाऊस तोच, पाणी सव्वादोन पटीहून जास्त.

आता टी.पी. रस्त्याखाली काय घालतात? बऱ्याचदा ६०० मि.मी.चा ह्यूम पाइप (सिमेंटचा गोल पाइप). १:५०० उताराला, पूर्ण भरून वाहताना तो सेकंदाला ०.२७ घनमीटर नेतो. म्हणजे शेत असतानाचंच पाणी न्यायला असे सात पाइप लागतात आणि वस्ती झाल्यावर पंधरा. १००० मि.मी.चा पाइप १.०७ नेतो, तो चार लागतील. म्हणून पाइप मागूच नका, स्लॅबचं बॉक्स कल्व्हर्ट (चौकोनी मोरी) मागा, कांसच्या पूर्ण रुंदीचं. पाइपात प्लास्टिक आणि झाडपाला अडकतो, एक अडकला की बाकीचेही गाळानं भरतात. बॉक्समध्ये माणूस उतरून साफ करू शकतो.

दुसरी चूक रस्त्याच्या उंचीची. रस्ता आजूबाजूच्या शेतापेक्षा दोन-तीन फूट वर बांधतात, मग प्रत्येक प्लॉटवाला रस्त्याच्या वर भराव घालतो, आणि जो शेतकरी शेतीच करतोय त्याचं शेत मधल्या खड्ड्यात राहतं. तुरीच्या मुळाशी दोन-तीन दिवस पाणी साचून राहिलं तर पीक जातं. त्यामुळं हरकतीत 'रस्त्याची तयार पातळी किती?' हे विचारा आणि सध्याच्या जमिनीच्या पातळीचा तक्ता मागा.

---

रावपुरा_टॉवर

पण ती कांस नकाशात असेल तर ना! धागाकर्त्यांनी तेच विचारलंय.

---

पाणवाट

बरोबर. काही कांस सरकारी खराब्याच्या (पडीक जमिनीच्या) पट्टीत आहेत, त्या गावनकाशात दुहेरी रेषेनं दिसतात. पण पुष्कळ पाणवाटा खाजगी सर्व्हे नंबरांतून जातात आणि सातबारावर त्यांचा पत्ता नसतो. त्यांच्यासाठी पुरावा आपणच उभा करायचा.

१:५०,००० च्या टोपोशीटवर (सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर) निळी रेषा आहे का बघा. गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं उघडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरचं चित्र सगळ्यात कामाचं, कारण पाऊस संपल्यावरही पाणवाटेचा पट्टा शेजारच्या शेतापेक्षा गडद दिसतो. मग जोराचा पाऊस झाल्यावर प्रत्यक्ष चालत जा, दर १०० मीटरवर लोकेशनसकट फोटो काढा आणि प्रत्येक फोटोखाली सर्व्हे नंबर लिहा. शेवटी गावनकाशाच्या प्रतीवर निळ्या पेनानं ती वाट काढा. हे एक पान दहा पानी निवेदनाला भारी पडतं.

अंतरही मागा. राज्याच्या सामायिक बांधकाम नियमांत, नदीला तटबंदी नसेल तर काठापासून ३० मीटर आणि कांस, नाला, कालवा, तळं यांच्यापासून ९ मीटर बांधकामही नाही आणि भरावही नाही. मेख अशी की अंतर 'काठापासून' मोजतात. आधी भराव टाकून काठच आत सरकवला की ९ मीटर आपोआप आत सरकतात. म्हणून आजचा काठ नकाशावर पक्का करून घेणं हे पहिलं काम.

---

बांधावरून

सगळं वाचतोय. एक बाजू राहून जातेय ती मांडतो. शहरातल्या माणसाला शेत म्हणजे मोकळी हवा. शेतकऱ्याला ते उत्पन्न आणि पोरांच्या शिक्षणाचा आधार. 'तुम्ही जमीन शेती झोनमध्येच ठेवा' असं सांगताना त्या जमिनीला पाणी, रस्ता आणि बाजार मिळतोय का हे कोणी विचारत नाही. शेजारच्या गावात झोन बदलला की भाव किती पटींनी चढतो ते त्याला दिसतं. त्याला दोष देऊन काहीच वाचणार नाही.

आणि टी.पी. नको म्हणणाऱ्यांनी दुसरी वाटही बघावी. टी.पी. न येता एकेक सर्व्हे नंबर बिनखेती (बिगरशेती) होत गेला तर ना सलग रस्ता, ना बाग, ना कांस. शेत तर जातंच, बदल्यात ५% सुद्धा मिळत नाही.

---

मोजणीपत्रक

मान्य, पूर्णपणे. म्हणून डी.पी. आणि टी.पी. वेगळे धरा म्हणतो. जिथं शेती अजून सलग आहे, विहिरी-बोअरला पाणी आहे, कालव्याचं सिंचन आहे, तिथं डी.पी.च्या वेळी शेती झोन मागा. जिथं आधीच प्लॉटिंग घुसलंय तिथं टी.पी. चांगली करून घ्या. दोन्हीकडे एकच घोषणा देऊन भागत नाही.

ज्याला शेतीच करायची आहे त्याच्यासाठी: टी.पी. आली म्हणून फायनल प्लॉट बिनखेती करायची सक्ती नाही. त्यावर शेती चालू ठेवता येते. पण हे आधी मागून घ्या:

फायनल प्लॉट शक्यतो मूळ जागीच आणि विहीर-बोअर धरूनच द्यावा. एका कुटुंबाचे लगतचे नंबर असतील तर प्लॉट एकत्र द्यावेत. शेतीच करू म्हणणाऱ्या चार-पाच जणांनी एकत्र अर्ज देऊन शेजारी-शेजारी प्लॉट मागावेत, नाहीतर दोन्ही बाजूंना इमारती आणि मधे एकट्याचं शेत असं होतं, त्यावर ऊनही पुरेसं पडत नाही. विहीर, पाइपलाइन, झाडं यांची यादी संख्येसह द्यावी, कारण नुकसानभरपाईच्या हिशोबात नसलेली गोष्ट नंतर घुसवता येत नाही. वाढीव किमतीच्या ५०% पर्यंत अंशदान कलम ७९ खाली लागतं, ते 'एफ' फॉर्मच्या (प्रत्येक मालकाचे प्लॉट आणि पैशांचा हिशोब मांडणाऱ्या तक्त्याच्या) शेवटच्या रकान्यांत दिसतं. तो फॉर्म सही करण्याआधी नीट वाचा. मूळ प्लॉटचं क्षेत्र सातबाराशी जुळतं का हे सगळ्यात आधी.

---

बांधावरून

कालव्याच्या चारीचं राहिलं. टी.पी. रस्ता आडवा आला की सब-मायनरची (कालव्याच्या छोट्या उपशाखेची) चारी तुटते आणि पलीकडच्या शेतांचं पाणी बंद. रस्ता होण्याआधीच त्याखालून पाइपची आरपार सोय ठेवायला सांगा. डांबर पडल्यावर रस्ता खोदायची परवानगी काढता काढता हंगाम निघून जातो.

---

सुरसागर_काठी

तळ्यांबद्दल. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांवर फार भरवसा ठेवू नका. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसानं बांधलेली तळी त्या नियमांतून वगळलेली आहेत. डभोईजवळचं वढवाणा हे गायकवाडी काळातलं सिंचन तळं २०२१ मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेलं, म्हणून त्याला ते छत्र मिळालं. आपल्या गावतळ्याला ते आपोआप मिळत नाही.

गावतळ्यासाठी सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल जोडा: हिंचलाल तिवारी (२००१) आणि जगपाल सिंग (२८ जानेवारी २०११). दुसऱ्यात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्यासाठी योजना करा, असा आदेश सगळ्या राज्यांना आहे. गौचरलाही तोच लागू पडतो. गौचरसाठी राज्याचं प्रमाण १०० जनावरांमागे ४० एकर. गावची पशुगणना काढा, गुणाकार करा आणि गौचरचा सातबारा शेजारी ठेवा. तूट दिसली तर उरलेल्या गौचरातून टी.पी. रस्ता किंवा विक्रीचा प्लॉट काढायला हरकत घेणं सोपं जातं. गाव महापालिकेत जायच्या आधी पंचायतीनं गौचर आणि तळ्याची मोजणी करून दगड बसवून घ्यावेत. नंतर ताबा कोणाचा, मोजणी कोणी मागायची यातच वेळ जातो.

---

पाणवाट

तळ्याला जोडून एक मागणी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाग तळ्याला चिकटून आणि सखल ठेवा.

वरचंच उदाहरण घ्या. ४० हेक्टर, एक तास ५० मि.मी. पाऊस. शेतातून घरं झाल्यावर जादा वाहणारं पाणी म्हणजे ०.४ × ०.०५ मीटर × ४,००,००० चौ.मी. = ८,००० घनमीटर. दीड मीटर खोलीत हे धरायला सुमारे ५,३०० चौ.मी. लागतात. ४० हेक्टरची ५% बाग म्हणजे २०,००० चौ.मी. म्हणजे बागेचा पाव हिश्श्यापेक्षा थोडा जास्त भाग खोलगट ठेवला तर एवढ्या पावसाचं जादा पाणी तिथंच थांबतं. त्यासाठी वेगळी जमीन कोणाकडून घ्यावी लागत नाही.

बिघडतं कुठं? बाग करताना ठेकेदार आधी भराव घालून लॉन सपाट करतो. निचऱ्याच्या तोंडाशी गाळ अडवायची टाकी नसते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ड्रेनेज लाइन यायच्या आधी घरं भरतात, त्यांचं सांडपाणी कांसमध्ये सोडलं जातं आणि वर्षभरात तळ्यावर जलपर्णी येते. म्हणून 'ड्रेनेज चालू झाल्याशिवाय वापर-परवाना देऊ नये' हे वाक्य हरकतीत घालाच.

---

दांडियाबाजार_२

आणि डी.पी.त बागेचं आरक्षण आहे पण जागा ताब्यात घेतलेलीच नाही, तिथं?

---

मोजणीपत्रक

तिथं घड्याळ चालू आहे. कलम २०(२): अंतिम डी.पी. लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि नोटिशीनंतर सहा महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. भावनगर युनिव्हर्सिटी विरुद्ध पालिताणा शुगर मिल या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की डी.पी.ची उजळणी चालू आहे म्हणून ही मुदत वाढत नाही. वुडाचा (वडोदरा शहरी विकास प्राधिकरणाचा) २०३१ चा आराखडा २०१२ मध्ये मंजूर झाला. दहा वर्षं कधीच झाली. मालकालाही दहा वर्षं अडकवून ठेवणं न्यायाचं नाही, हे त्यामागचं तत्त्व मला पटतं. उपाय एकच: आरक्षणांची यादी काढायची, कोणती ताब्यात नाहीत ते बघायचं आणि त्यांच्या खरेदीसाठी अंदाजपत्रकात तरतूद मागायची. किंवा ती जागा टी.पी. स्कीममध्ये घेऊन बागेचा फायनल प्लॉट म्हणून मिळवायची, त्यात मालकालाही दुसरीकडे प्लॉट मिळतो.

---

रावपुरा_टॉवर

हरकत कोण देऊ शकतो? जमीन नसलेला रहिवासी देऊ शकतो का? आणि अर्ज मराठीत चालेल का?

---

मोजणीपत्रक

गुजरातीत लिहा. कलम ४७ मध्ये 'बाधित व्यक्ती' असा शब्द आहे, त्यामुळं पहिल्या परिच्छेदातच तुम्ही कसे बाधित ते सांगा: 'या कांसच्या खालच्या अंगाला माझं घर आहे, ती अरुंद झाली तर पाणी माझ्या सोसायटीत येईल.' मग स्कीमचा नंबर, गाव, सर्व्हे नंबर, मूळ प्लॉट आणि प्रस्तावित फायनल प्लॉटचा नंबर. एका अर्जात एकच मुद्दा. पाच मुद्दे असतील तर पाच अर्ज, नाहीतर सोप्या मुद्द्याचं उत्तर देऊन बाकीचे चार त्यात बुडवले जातात. सोबत निळ्या रेषेचा नकाशा आणि फोटो. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. एकच छापील मजकूर शंभर जणांच्या सह्यांनी देऊ नका, ती एकच हरकत धरली जाते.

महिना संपल्यावर माहिती अधिकारात अर्ज टाका. गुजरातेत फी २० रुपये, प्रत पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मागायचं एवढंच: आलेल्या हरकतींचा तक्ता आणि प्रत्येकीवरचा निर्णय, सार्वजनिक प्लॉटांची क्षेत्रासह यादी, टक्के बदलले असतील तर त्याची लेखी कारणं, आणि जमिनीच्या पातळ्यांचा नकाशा.

---

कारेलीबागकर (धागाकर्ता)

चारही प्रश्नांची उत्तरं मिळाली, मनापासून आभार. ज्यांच्या गावात कलम ४१ ची जाहिरात आलेली आहे त्यांनी गावाचं नाव आणि जाहिरातीची तारीख इथं टाका. पाणवाट आणि मोजणीपत्रक, त्या गावांचा गावनकाशा कोणी लावला तर कांसची रेषा तपासून द्याल का?

---

पाणवाट

देतो. फक्त नकाशा स्कॅन करून लावा, मोबाइलचा तिरका फोटो नको, त्यात अंतरं चुकतात. आणि प्रमाणपट्टी कापू नका.